भागूमावशींच्या भिंती

भागूमावशी गेल्याचं त्यांच्या महादूने सांगितलं. तो लोणावळ्यात दूध घालतो. दारात किटली टेकवून म्हणाला, "आई गेली, भाऊ." मी चहा ठेवला आणि तो उतू जाईपर्यंत नुसता बघत राहिलो... 

मावशींची ओळख झाली तेव्हा मी हिवतापाच्या फवारणीवर होतो. पाठीला पंप, हातात गेरूचा डबा. लोहगडाखालच्या वाड्यांमधून भिंतींवर डीडीटी मारायची आणि दारावर तारीख लिहायची. पुढे काही महिने भिंती सारवायच्या नाहीत, हा नियम. साहेब म्हणायचे, नीटनेटकी माणसं नियम पाळतात, आळशी मोडतात. मी नियमाचा भक्त, मला ते लगेच पटलं.

मावशींइतका मान मला वाडीत कुणी दिला नाही. मी पोचायच्या आत भांडीकुंडी अंगणात, फवारणी उरकली की गूळपाणी हजर. शेजारचा दगडू मात्र खाटेवरून उठायलाही कुरकुरायचा. तरी दर वर्षी थंडीताप मावशींच्या घरात, आणि दगडूचं घर ठणठणीत! एका वर्षी फवारणीनंतर काही दिवसांनी गेलो, तर त्यांची सून सखू, पोटुशी, गोधडीखाली कुडकुडत होती. तिला आणि पोटातल्या जिवाला काही झालं तर... तिला गोळ्या दिल्या आणि मग भिंतीकडे लक्ष गेलं. नुकती सारवलेली, बोटांच्या कमानी जागच्या जागी.

"मावशी, सारवलंत?"

"मंग? तुमी पांढरं फासून गेलता. दसऱ्याला असं घर ठिऊ व्हय?"

म्हणजे दर वर्षी फवारणीच्या दुसऱ्याच दिवशी मावशी औषधावर शेणमाती फिरवत होत्या. दगडूकडे भिंतीला हात लावायचा कुणालाच उरक नव्हता, म्हणून तिथे औषध टिकलं. मी तापून म्हणालो, "जरा दगडूचं घर बघा." हे बोलायला नको होतं. जन्मभर ज्या घराला नाक मुरडलं, त्याचाच कित्ता गिरवा म्हणत होतो मी. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पदराने नाक पुसून म्हणाल्या, "चुकी तुमचीबी हाय, भाऊ. पंदरा दिस आदी सांगितलं आस्तं, तर आमी आदीच सारवलं आस्तं. मंग तुमी काय बी मारा."

एवढी साधी गोष्ट ना साहेबांना सुचली होती, ना मला. पुढच्या वर्षीपासून मी आधी निरोप धाडू लागलो. सखू बरी झाली, तिला मुलगी झाली, आणि मावशी अशा बदलल्या की फवारणीनंतर कुणी शेण कालवताना दिसली की तिचं मनगटच धरायच्या. आमच्या भागातली फवारणी थांबली तरी दर दसऱ्याआधी महादूच्या किटलीबरोबर त्यांचा निरोप यायचा, "सारवू का?" मी हसून हो म्हणायचो. खरं तर त्या निरोपाची मी वाट बघायचो.

दहाव्याला वाडीत गेलो. सुतक फिटलं म्हणून घर सारवायचं होतं. घमेल्यात शेणमाती कालवलेली, वरून सुकत चाललेली. सखू पदर खोचून उभी, भोवती बायका खोळंबलेल्या.

"कुणासाठी थांबलीस गं?"

"तुमच्यासाठीच. आत्याबाई सांगून गेल्यात, भाऊंना इचारल्याबिगर भितीला हात लावायचा न्हाई."

मी सुकलेल्या शेणमातीत तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणालो, "सारव."