नावाडी परत येतो का?

आमच्या वहिनीच्या हातात पुस्तक दिलं की ती आधी शेवटचं पान उघडते. मग पहिलं. मधलं सगळं त्यानंतर, भाजी निवडताना, बसमध्ये, कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत. मी कितीदा म्हटलं, "अहो, शेवट आधीच कळला तर वाचायचं कशाला?" तर म्हणते, "वन्सं, पुरं माप ठाऊक नसताना मी कापडाला कात्री लावत नाही." शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापड कापायचं काम करते. थरावर थर रचलेलं कापड एका दमात कापते. पुस्तकांवरची मतंही तशीच देते, समोर कोण बसलंय हे न बघता.

एका निवृत्त न्यायाधीशाच्या आठवणी वाचून म्हणाली, "जन्मभर लोकांना शिक्षा दिल्या, स्वतःला मात्र पानोपानी निर्दोष सोडलंय." एका नटीचं आत्मचरित्र? "रडली असेल खरी, पण आरशात बघत." दोन बहिणींवरची एक गाजलेली कादंबरी मी कौतुकाने तिला नेऊन दिली, तर दुसऱ्या दिवशी परत. "सगळं अस्तर आहे हो. वरचं कापड कुठाय?" माझ्या नवऱ्याच्या आतेभावाने आपल्या नोकरीच्या आठवणी छापल्या आणि आमच्या घरी जेवायला आला असताना हौसेने विचारलं, कशा वाटल्या. "मधली शंभर पानं काढा, मग बोलू." तो तेव्हापासून आमच्याकडे फिरकलेला नाही. मला त्याचं काही फार वाईट वाटत नाही. पण पुस्तकाच्या बाबतीत वहिनीला खोटं बोलणं जमतच नाही, एवढं यावरून कळावं.

दादा, म्हणजे माझा भाऊ, हिच्या अगदी उलट. त्याने लेथ मशीनवर हयात घालवली. पुस्तक वाचतो तेही पहिल्या ओळीपासून, ओठ हलवत, एकही पान न गाळता. लग्न झाल्यावर त्याने वहिनीला एकच अट घातली होती, की मला शेवट सांगायचा नाही. ती तिने त्याच्यापुरती पाळली. मला मात्र सगळे शेवट स्वयंपाकघरात ऐकावे लागले.

म्हणूनच ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्याच्या खोलीत दादाच्या हातात ती नावाड्याची कादंबरी दिसली आणि मी आधी वहिनीकडे पाहिलं.

त्याच्या हृदयाची एक झडप बदलायची होती. "वॉशर बदलतात तसं," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगायचा. पण मागच्या खेपेला दवाखान्याचा हिरवा झगा घालून झाल्यावर हाच माणूस उठून घरी आला होता. कारण काय, तर वर येताना लिफ्ट मध्येच अडकली. "मी शकुनबिकुन मानत नाही," असंही वर म्हणाला. मानत नाही म्हणे! डॉक्टरांनी त्यानंतर स्पष्ट सांगितलं होतं, की आता पुढे ढकललंत तर मी जबाबदार नाही. त्याचा श्वास तेव्हा जिन्याच्या चार पायऱ्यांतच संपायचा.

वहिनीने पिशवीत मुद्दाम एका गिर्यारोहकाच्या आठवणी भरल्या होत्या. तिचं म्हणणं असं, की दवाखान्यात आठवणीच बऱ्या. लिहिणारा वाचला म्हणून तर लिहू शकला. कादंबरीत कुणाचा भरवसा नाही. पण दादाने त्या बाहेर काढून आपली अर्धी वाचून झालेली कादंबरी आत कोंबली होती. गोष्ट अशी, की नदीवर पूल झालाय, नावेत आता कुणी बसत नाही, आणि पुराच्या दिवशी पलीकडच्या काठावर एक कुटुंब अडकतं. म्हातारा नावाडी नाव पाण्यात लोटतो. दादा तिथवर पोचला होता.

पुढचं मला माहीत होतं. ते कुटुंब वाचतं आणि नावाडी परत येत नाही. काही आठवड्यांपूर्वी कणीक मळता मळता वहिनी मला म्हणाली होती, "असा शेवट लिहायला छाती लागते हो."

दादाची अंगठी निघत नव्हती. नर्सने साबण लावून ती काढली आणि वहिनीच्या हातात दिली. "दहा मिनिटांत ट्रॉली येईल," म्हणाली आणि गेली. दादाने पुस्तक छातीवर उपडं ठेवलं.

"काय गं," तो वहिनीला म्हणाला, "परत येतो का तो?"

सगळ्या संसारात त्याने तिला कधी शेवट विचारला नव्हता. वहिनी त्याच्या सदऱ्याची घडी घालत होती. तिचे हात थांबले. मी भिंतीकडे बघायला लागले. मरतो म्हणाली तर हा आत्ता उठेल, चपला शोधेल. आणि गप्प राहिली तरी तेच, कारण ही बाई गप्प कधी राहते?

"बोल ना. म्हणजे नाही येत?" दादा कोपरावर उठून बसायला लागला.

"येतो," वहिनी म्हणाली.

"नक्की?"

"येतो म्हटलं ना. उजाडता उजाडता. बायको काठावर कंदील घेऊन उभी असते."

दादाने माझ्याकडे पाहिलं. "चिमे? खरं?"

साठीला आले तरी मी त्याची चिमीच. "मला काय विचारतोस? मी कुठे वाचते असलं," मी म्हटलं. "पण वहिनी परवा हेच सांगत होत्या." माझा आवाज मलाच परका वाटला.

ट्रॉली आली. दादाने चष्मा काढून वहिनीला दिला आणि आपला आपण ट्रॉलीवर सरकला. चपला कॉटखालीच राहिल्या.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. दार उघडायचं, कुणाला तरी हाक मारायचे, ते आमच्यासाठी नसायचं. सांगितलेली वेळ टळून गेली. मग एक नर्स घाईघाईने बाहेर आली. रक्तस्राव जास्त झालाय, आणखी वेळ लागेल, एवढं बोलून ती परत आत गेली. मी वहिनीचा हात धरला.

"वहिनी, काहीतरी बोला. एखाद्या पुस्तकाला नावं ठेवा."

"सुचत नाहीये."

मला तिची इतकी भीती कधीच वाटली नव्हती. थोड्या वेळाने तिने पर्समधून दोरे कापायची छोटी कात्री काढली, मांडीवरची कादंबरी उघडली आणि शेवटचं पान मुळापासून कापलं.

"अहो! वाचनालयाचं पुस्तक आहे!" पानाचा कोपरा दुमडला म्हणून मला झापणारी ही बाई.

"घरी आल्यावर वाचायला मागतील," ती म्हणाली आणि पानाची घडी पर्समध्ये टाकली. घरी आल्यावर, असं म्हणाली. मी तेवढ्यालाच धरून बसले.

दुपार कलल्यावर डॉक्टर आले. तोंडावरचा मास्क खाली ओढून म्हणाले, "बसली झडप. बरे आहेत." वहिनी उभी राहिली, त्यांना नमस्कार करायचा राहिला, आणि पुन्हा बाकावर बसली. मग आम्ही दोघी भोकाड पसरून रडलो. समोरचे लोक बघत होते. बघू देत.

दादा घरी आला. चालायला लागला, चिडायला लागला, आणि एके दिवशी मी गेले तर खिडकीशी बसून कादंबरी संपवत होता. वहिनी शेजारी वाटाणे सोलत होती. शेवटी नाव भर पाण्यात आहे, काठावरचा कंदील दिसतोय, आणि पुढे काही नाही. दादाने पुस्तकाच्या शिवणीत अंगठा फिरवला.

"काप सरळ आहे," तो म्हणाला. "दे ते पान."

वहिनीने आधी काय ते पान, कसलं पान, केलं. मग मुकाट्याने आत जाऊन घेऊन आली. दादाने ते वाचलं, ओठ हलवत, सावकाश.

"बुडतो की हा."

"हो."

"कसा वाटला शेवट?"

"चुकलाय," वहिनी म्हणाली. "लेखकाला जरा दम धरता आला नाही." छाती लागते म्हणणारी हीच ना!

दादा हसला. "मला त्या दिवशीच कळलं होतं. शेवट सांगितलास, आणि बरा म्हणाली नाहीस, वाईट म्हणाली नाहीस. तू, आणि मत नाही?"

वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग उठून का नाही आलात? मागच्यासारखे?"

"यायचंच होतं," दादा म्हणाला. त्याने पानाची घडी घातली आणि तिच्या हातात ठेवली. "पण तू जन्मात पहिल्यांदा पुस्तकाबद्दल खोटं बोललीस, तेही माझ्यासाठी. म्हटलं, तो नाही तर नाही, आपण तरी परत येऊ."