गाऱ्हाण्यातलं नाव

लवूने बायकोला नावाने हाक कधी मारली नाही. 'गो' म्हटलं की जानकी ओ द्यायची आणि संसार पुढे चालायचा. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे त्याला अगदी कानकोंडं व्हायचं. फक्त वर्षातून एकदा, थंडी पडली की, तळ्याकाठच्या राखणदाराच्या पाषाणापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालताना त्याची सुटका नसे. तळ्यात जो उतरणार त्याचं नाव गाऱ्हाण्यात घ्यायचं, ही गावची रीत. ज्याचं नाव नाही, त्याने पाण्यात पाय घालायचा नाही. मग लवू घसा खाकरून म्हणायचा, "लवू आणि जानकी तुझ्या पाण्यात उतारतत, त्यांका सांभाळ रे म्हाराजा!" आणि जमलेली माणसं एका सुरात म्हणायची, "व्हय म्हाराजा!"

त्या दिवशी जानकी त्याला घरी पोचेपर्यंत सोडायची नाही.

"वर्साक एकदा माझा नाव घेतास, ता पण देवाच्या कानात. माका कधी हाक मारशात?"

"गो म्हटल्यार येतंस मां? मगे नाव कित्याक होया?"

यावर ती हसायची. खरं तर तिला तेवढं एकदाचं पुरत नव्हतं, पण हे त्या शहाण्याला कोण सांगणार?

गावच्या तळ्यावर पक्ष्यांसाठी राखीव म्हणून फलक लागला त्याला बरीच वर्षं झाली. पाऊस सरला की कमळाचे वेल आणि जलपर्णी सगळं पाणी झाकून टाकतात. मोकळं पाणी दिसलं नाही, तर थंडीत लांबून येणारी बदकं वरच्या वर घिरट्या घालून निघून जातात. म्हणून दर थंडीत वेल ओढून काढायचं काम वनखात्याने या दोघांना दिलं होतं. होडीच्या मागच्या टोकाला उभा राहून लवू बांबूने होडी रेटायचा आणि जानकी पुढे बसून आकडीने वेल ओढायची. तिच्या तोंडापेक्षा तिची पाठच त्याने जास्त पाहिली असेल. अंबाड्यात अबोलीचा वळेसर, मानेला चिकटलेलं शेवाळ.

तळ्याच्या मधोमध लव्हाळ्याचं एक दाट बेट होतं. पावसाळ्यात जांभळ्या पाणकोंबड्या तिथे अंडी घालायच्या. त्या बेटाला हात लावायला जानकीची सक्त मनाई. बेटाभोवती खुंट ठोकून तिने त्यांना आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या. "थंय बाळंतिणीची खोली आसा," ती म्हणायची, "पुरुषांनी डोकावचा नाय."

भादव्यात तापाचं निमित्त झालं आणि जानकी गेली. घर पाहुण्यांनी भरलं, लवू लाकडं आणि भटजी यांच्यामागे धावत राहिला आणि रडायचं राहूनच गेलं. मागाहून रडावं तर कोणापुढे? जिच्यापुढे रडता आलं असतं तीच गेली होती.

थंडी पडली तसा वनखात्याचा गार्ड घरी आला. माणूस वाईट नव्हता. खाली मान घालून म्हणाला, "काका, दोघं असाल तर काम तुमचंच. नाहीतर यंदा मशीन आणावं लागेल."

मशीन म्हणजे सगळं तळं खरवडून काढणार. त्याला चिंधी काय आणि बाळंतिणीची खोली काय!

"मी एकटो जातंय," लवू म्हणाला. "पुढे वजनाक चिरे ठेवतंय."

त्याची सून दीपिका दारात उभी होती. तिचा नवरा देवेश मालवणला पर्यटकांची होडी चालवायचा, हंगामात त्याला मान वर करायला सवड नसे. ती म्हणाली, "बाबा, चिरे काय आकडी धरतले? पुढे मी बसतंय."

"ती जागा तुझी नाय."

दीपिका आत गेली. लवूचं बोलणं त्याचं त्यालाच लागलं, पण तोंडातून गेलेलं काही परत येत नाही. दोन दिवस तो नुसता तळ्याकाठी जाऊन येत राहिला. जानकीची जागा राखायची तर तिची खोली जाणार होती, आणि खोली राखायची तर जागा द्यावी लागणार होती. शेवटी भाकरी वाढणाऱ्या सुनेला तो पानाकडे बघतच म्हणाला, "उद्या सकाळी नारळ घेऊन ये."

सकाळी पाषाणापुढे माणसं जमली. लवूने हात जोडले, डोळे मिटले. तोंडपाठ असलेलं गाऱ्हाणं झऱ्यासारखं सुटलं.

"बा राखणदारा म्हाराजा! आज तुझी लेकरां लवू आणि जानकी तुझ्या पाण्यात उतारतत, त्यांका सांभाळ रे म्हाराजा!"

कोणी ओ दिली नाही. लवूने डोळे उघडले. माणसं एकमेकांकडे बघत होती आणि दाजींनी, गावातल्या सगळ्यात वयस्क माणसाने, मान खाली घातली होती. तेव्हा कुठे लवूला आपण काय बोललो ते कळलं.

"व्हय म्हाराजा!" दीपिका एकटीच म्हणाली. मोठ्याने म्हणाली. मग सगळ्यांनीच म्हटलं.

लवू मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडला. भादव्यापासूनचं साचलेलं सगळं आज लोकांदेखत बाहेर पडलं. कोणी त्याला उगी केलं नाही. बऱ्याच वेळाने दाजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून, दीपिकाकडे बोट दाखवत म्हणाले, "लवू, गाऱ्हाणा परत घाल रे बाबा. चेडवाक नाव नसताना पाण्यात कसा धाडतलंस?"

लवू उठला आणि दीपिकाचं नाव घेऊन त्याने गाऱ्हाणं पुन्हा घातलं.

होडी वेल बाजूला सारत निघाली. पुढे पाठ होती, पण वळेसर नव्हता. बेटाजवळ एक चिंधी सुटून पाण्यात लोंबत होती. आता दीपिका ती ओढून टाकणार, असं लवूला वाटलं. तिने ती पिळली, खुंटाला पुन्हा घट्ट बांधली आणि शेजारचा वेल ओढायला घेतला.

लवूने बांबू चिखलात रोवून होडी थांबवली.

"जानकी," तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, "जानकी!"

दीपिकाने मागे वळून पाहिलं नाही. तिने आकडी मांडीवर ठेवली आणि पदराने तोंड पुसलं. लवू बेटाकडे बघत उभा राहिला. किती सोपं होतं हे नाव घेणं, आणि एवढी वर्षं त्याने ते फक्त देवाला ऐकवलं होतं.