लाकडी दस्ता आणि माझी साक्ष

पोलिसाने विचारलं, "ओकुसान, तुमचे यजमान भांडतात का?" आणि मी म्हणाले, "रोज."

मला हसू आलं. त्याला आलं नाही. इथे कुणाच्याही बायकोला आदराने ओकुसान म्हणतात, आणि तितक्याच आदराने तिचं उत्तर लिहून घेतात.

जपानमध्ये बंदुकीचा परवाना मागितला की पोलीस बायकोला एकटीला बसवून नवऱ्याची चौकशी करतात. दहा वर्षांपूर्वी नवऱ्याने मैदानावर मातीच्या तबकड्या फोडायला छऱ्याची बंदूक घेतली, तेव्हाही केली होती. तेव्हा माझं जपानी इतकं कच्चं होतं की प्रत्येक प्रश्नाला "दाइजोबु देस", म्हणजे सगळं ठीक आहे, एवढंच म्हणत राहिले. परवाना मिळाला. त्यानंतर मी भाषा शिकले, नोकरीला लागले, आणि तिथेच घात झाला.

कारण परक्या माणसासमोर नवऱ्याचं कौतुक करायचं वळण मला नाही. आमच्याकडे पाहुण्याला चहा दिला की सोबत नवऱ्याची थोडी उणीदुणीही देतात, आणि पाहुण्याला ती किती मनावर घ्यायची ते कळतं. त्यामुळे "रागावतात का?" याला मी म्हटलं, "प्लास्टिक चुकून जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत गेलं की घर डोक्यावर घेतात." "दारू?" "निमित्ताच्या शोधातच असतात." "घरच्यांचं ऐकतात?" "माझं? आजतागायत नाही." समोरचा तरुण अधिकारी अतिशय सुवाच्य अक्षरात सगळं उतरवत होता.

घरी सांगितलं तर नवरा खुर्चीत बसला.

"तू पोलिसांना असं सांगितलंस?"

"अरे, गमतीत."

"गमतीत! पुण्याहून मावशी आली होती का चौकशीला?"

सोळा वर्षांची लेक "उसो!" म्हणाली आणि खोलीत गेली. या शब्दात ती खोटं, अशक्य आणि तुम्हा दोघांचं कठीण आहे, असं सगळं बसवते.

या खेपेची बंदूक वेगळी होती. नवऱ्याच्या मैदानावरच्या एका आजोबांकडे युरोपातल्या कुठल्याशा सैन्याची जुनी रायफल आहे, शिकारीसाठी कायदेशीर केलेली. बोल्ट ओढून एकेक गोळी भरायची, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. आजोबा एक्याऐंशीचे. डोळे साथ देईनात म्हणून त्यांनी परवान्याचं नूतनीकरण करायचं नाही असं ठरवलं होतं, आणि इथे परवाना ज्याचा त्याच्या वाढदिवसाला संपतो. तोपर्यंत रायफल दुसऱ्या परवानाधारकाच्या नावावर झाली नाही, तर ती कापून भंगारात जाणार. रायफल मागायला आधी दहा वर्षं छऱ्याची बंदूक बिनतक्रार बाळगावी लागते. आजोबांच्या ओळखीत दहा वर्षं झालेला आणि लाकूड आवडणारा माणूस एकच होता, आणि त्याची बायको मी.

लाकूड आवडणं हे प्रकरण मला कधी झेपलं नाही. कॉलेजात एनसीसीच्या शिबिरात याने थ्री नॉट थ्रीच्या पाच गोळ्या झाडल्या होत्या. खांदा आठवडाभर काळानिळा, आणि प्रेम तेव्हापासूनचं. मैदानावर याच्यासारखे आणखी चारपाच आहेत, दहा वर्षं अजून न भरलेले. दस्त्याच्या रेषांवर ते असे बोलतात, जणू एखाद्या घराण्याची गायकी चालली आहे. कुणी नवी काळी रायफल आणली की सौजन्याने गप्प होतात. "प्लास्टिकला वास नसतो," नवरा म्हणतो. "लाकडावर आधीच्या माणसाचा गाल टेकलेला असतो, त्याची खूण राहते." तो आधीचा माणूस दस्त्यावर गाल टेकून काय करत होता, हे विचारलं की विषय बदलतो.

शिवाय कायद्याने मी या वस्तूला हातही लावू शकत नाही. कोतो भागातल्या आमच्या एवढ्याशा घरात अंथरुणांच्या कपाटात पोलादी पेटी भिंतीला ठोकलेली आहे. लोणच्याच्या बरण्या बाल्कनीत. पेटीची किल्ली कुठे आहे हे मला माहीत असणं गुन्हा, आणि पेटीवरची धूळ माझी.

आठवड्याने पोलीस ठाण्यातून फोन आला. ओकुसानशी जरा तपशिलात बोलायचं आहे.

"शांत स्वभावाचा आहे म्हण," नवऱ्याने पढवलं.

"कोण?"

"बघ! हेच, हेच नको करूस तिथे."

तोच अधिकारी, तोच कागद. मी आमच्याकडची पद्धत समजावून सांगितली. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "मग उदाहरणं द्या." कौतुकाची उदाहरणं! वीस वर्षांत कुणी मागितली नव्हती. शेवटी मी सांगितलं, की एकदा मैदानावरून परतताना हिशेबात एक रिकामं काडतूस कमी भरलं म्हणून हा अर्ध्या वाटेवरून मागे गेला, अंधार पडेपर्यंत गवत चाळत बसला. ते याच्याच पँटच्या दुमडीत निघालं. तरी दुसऱ्या दिवशी त्याने मैदानाच्या कचेरीत फोन करून माफी मागितली. आणि घरात झुरळ निघालं की मला हाक मारतो.

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. "तुम्ही मारता?"

"मीच."

"आमच्याकडेही," तो हळूच म्हणाला, आणि तेही लिहिलं. मग विचारलं, "थोडक्यात, तुमच्या मते यजमान विश्वासू आहेत?"

मी हो म्हटलं. बाहेर पडताना नवऱ्याचा खूप राग आला होता. एका लाकडाच्या तुकड्यापायी सरकारी दप्तरात माझ्याकडून हे वदवून घेतलं.

आजोबांच्या वाढदिवसाच्या नऊ दिवस आधी नवऱ्याचा परवाना आला.

रायफल बंदुकीच्या दुकानात ताब्यात घ्यायची होती. मी गेले ते फक्त परतताना बाजार करायचा होता म्हणून. आजोबा कोट-टाय घालून आलेले. कागद झाले, शिक्का बसला, नवऱ्याने रायफल दोन्ही हातांनी उचलली. दस्त्यावर कुणाच्या तरी बोटांचा ठसा उमटला होता. आजोबांनी सवयीने खिशातलं फडकं काढलं आणि हात पुढे केला. दुकानदार खाकरला. आजोबांचा हात तिथेच थांबला, मग मागे गेला. चाळीस वर्षं त्यांनी ते लाकूड पुसलं होतं, आणि शिक्क्यानंतर तो गुन्हा होता.

ते मागे सरकून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. फडकं त्यांनी व्यवस्थित चौकोनी दुमडलं, पिशवीतून जवसाच्या तेलाची अर्धी बाटली काढली आणि दोन्ही मला दिलं.

"हिवाळ्यात दोनदा लावायला सांगा, ओकुसान. यजमान विसरतील."

"विसरतीलच," मी म्हटलं.

आजोबा हसले. त्यांना आमच्याकडची पद्धत समजावून सांगावी लागली नाही.