पोळ्याच्या डब्यातली रेघ

विश्वनाथ मिस्त्रींनी नट आवळला की ते खिशातून काडेपेटी काढत. विडी ते ओढत नसत. काडीचं गुल मोडून टाकत, उरलेली काडी पिवळ्या ऑइलपेंटच्या डब्यात बुडवत आणि नटावरून खालच्या लोखंडावर एक सरळ रेघ ओढत. डबा त्यांच्या वडिलांनी पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला आणलेला. बैल विकले गेले, डबा राहिला. त्यामुळे परभणीतल्या आठ-दहा फोर-बाय-फोर गाड्या वरून कितीही चिखलात लडबडलेल्या असल्या तरी खालून पोळ्याच्या बैलासारख्या सजलेल्या असत. फक्त ते बघायला गाडीखाली निजावं लागे.

नट केसभर जरी फिरला तरी रेघेचे दोन तुकडे होतात, म्हणून ही रेघ. "मानूस खोटं बोलतंय सायेब, रेघ गवाही देती," मिस्त्री म्हणत. एकदा मी गमतीनं विचारलं, देव बघत नाही का? "देवाचं आमच्यात धरत न्हाईत. रेघ बघतीय, तेवढं पुरं हाय."

सहा वर्षांपूर्वी जिंतूरजवळच्या टेकडीवर माझी जीप उलटली आणि शेजारी बसलेल्या नंदूशेठचा खांदा मोडला. तो मिस्त्रींच्या हलगर्जीपणामुळे मोडला, असं आमच्या जीपवाल्यांमध्ये आजवर ठाम समजलं जात होतं. तसं नव्हतं. चूक माझी होती, आणि तिचा पुरावाही मीच खरवडून टाकला. मी आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. हे लिहून ठेवायचं एवढंच माझ्याकडून राहिलं आहे. पण मिस्त्री कसे होते ते सांगितल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

त्यांचं गॅरेज जिंतूर रोडला होतं. पत्र्याची शेड, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं टांगलेले पाने, आणि दारावर पाटी : 'जीप स्पेशालिस्ट'. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आणि लिलावातली एक जुनी जीप घेतली. माझ्याकडे इंजिनिअरिंगचा डिप्लोमा आहे. मिस्त्री सातवीपर्यंत शिकलेले. पहिल्या भेटीत मी त्यांना गाडीबद्दल वीस मिनिटं माहिती दिली. त्यांनी ती ऐकून घेतली, मग मला चालवायला सांगितलं आणि स्वतः मागच्या सीटवर डोळे मिटून बसले. मी वसमत रोडनं चार किलोमीटर जाऊन परत आलो. मला वाटलं, झोपले असावेत.

"गाडीत सात आवाज हायत," ते उतरताना म्हणाले. "सहा काढून देतो."

"आणि सातवा?"

"सातवा तुमच्या पायाचा हाय. क्लचवर पाय ठेवून बसता तुमी. त्यो तुमीच काढा."

मी बत्तीस वर्षं सरकारी जीपमध्ये फिरलो होतो, पण ड्रायव्हरच्या शेजारी. हे त्यांनी चार किलोमीटरमध्ये ओळखलं.

आमचा जीपवाल्यांचा गट होता. हाडांचे डॉक्टर, खत-बियाण्याचे दुकानदार नंदूशेठ, मी आणि आणखी पाच-सहा जण. रविवारी गाड्या घेऊन कधी जिंतूरच्या टेकड्यांवर, कधी गंगाखेडला गोदावरीच्या वाळूत जायचो. आठवडाभर मोबाइलवर परदेशातल्या गाड्या बघायच्या आणि शनिवारी मिस्त्रींकडे काहीतरी बसवायला घेऊन जायचं, असा क्रम होता. मिस्त्री बहुतेक गोष्टी बसवून देत नसत.

डॉक्टरांना गाडी सहा इंच उचलून हवी होती. मिस्त्री म्हणाले, "डॉक्टरसायेब, एखाद्या पेशंटला उंची वाढवून पायजे असली तर तुमी त्याचे पाय वडता का?" डॉक्टर दोन इंचांवर आले. नंदूशेठनं पुण्याहून स्नॉर्कल आणला. बॉनेटच्या बाजूनं टपापर्यंत जाणारी नळी. पुरातून जाताना इंजिनला वरून श्वास घेता यावा म्हणून. मिस्त्रींनी ती नळी उलटीपालटी करून बघितली. "शेठ, आपल्या नळालाच पाणी कधी येतंय ते सांगता येईना. गाडीच्या नाकाला नळी काम्हून?" शेठनं ती दुसरीकडून बसवून घेतली. त्यांची गाडी पाण्यात कधी गेली नाही, पण लग्नाला गेली की लोक नळीला फुगे बांधत.

मी पुढं विंच, म्हणजे दोर गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणारं यंत्र, बसवायचं म्हटलं, तेव्हा त्यांचा प्रश्न एवढाच होता : "दोर कशाला बांधताल? झाड कुठं हाय?" मी बसवलाच. पुढच्या पावसाळ्यात पिंगळीच्या पुढं काळ्या रानात जीप पोटापर्यंत रुतली. महागडे मड टायर काळ्या मातीनं भरून जात्यासारखे गोल झाले होते. विंच तयार होता. नजर जाईल तिथपर्यंत सोयाबीन होतं. फोन केल्यावर मिस्त्री फावडं घेऊन आले. माझ्याच जीपची स्टेपनी काढली, पुढं पंधरा पावलांवर खड्डा खणून उभी पुरली आणि दोर तिला बांधला. जीप त्या पुरलेल्या चाकाला धरून स्वतःच बाहेर आली. "झाड नसलं तर गाडायचं सायेब," हात पुसत ते म्हणाले. "पण आपलंच गाडायचं. दुसऱ्याचं न्हाई."

आता ती गोष्ट. माझ्या जीपला त्यांनी नव्या स्प्रिंगा, म्हणजे कमानपाटे, घालून दोन इंच उचललं. गाडी छान झाली, पण सरळ जाताना स्टेअरिंग किंचित डावीकडे कललेलं राही. मी तक्रार केली.

"पाटे नवे हायत. पंधरा दिवस चालवा, बसू द्या त्यांना. मग सरळ करतो."

"पण वाकडं दिसतं ना, मिस्त्री."

"वाकडं चालतंय, सायेब. सुटाय न्हाई पायजे."

पाचव्या दिवशी मला राहवलं नाही. डिप्लोमा असलेल्या माणसाच्या हातात वाकडं स्टेअरिंग शोभत नाही, असं मला वाटलं. घराच्या अंगणात मी गाडीखाली शिरलो, स्टेअरिंगच्या दांड्याचं टोक सोडवलं, शेजारचा दांड्यावरचा नट सैल करून दोन आटे फिरवले, परत बसवलं. सोडवताना टोकाच्या नटातली पिन तुटली. ही पिन म्हणजे बोटाएवढी तार असते. नट गळून पडू नये म्हणून त्यात आरपार घालून वाकवतात. नवी पिन उद्या आणू, असं म्हणून मी नट नुसता आवळला. स्टेअरिंग सरळ झालं. ते बघून इतका आनंद झाला की पिन विसरलो.

त्या रविवारी टेकडीवरून बैलगाडीच्या वाटेनं उतरत होतो. नंदूशेठ माझ्या शेजारी होते. वळणावर मी स्टेअरिंग फिरवलं. ते फिरलं. गाडी फिरली नाही. ती अगदी सावकाश वाट सोडून पिवळ्या फुलात आलेल्या तुरीत शिरली आणि बांधावर चढून शेठच्या बाजूला कलंडली. मला काही झालं नाही. मी शेठच्या अंगावर आदळलो आणि त्यांचा उजवा खांदा मोडला. मागच्या गाडीतून डॉक्टरांनी त्यांना नेलं. मी जीपपाशी थांबून मिस्त्रींना फोन केला. ते येईपर्यंत दोन तास गेले, आणि त्या दोन तासांत मी माझं काम उरकलं.

पिन नसलेला नट कुठंतरी गळून गेला होता. पण त्याच्या शेजारी, दांड्यावर, दुसरा नट होता. मी तो फिरवलेला. त्याच्यावर पिवळ्या रेघेचा अर्धा तुकडा होता आणि उरलेला अर्धा दांड्यावर, बोटभर लांब. मिस्त्रींनंतर इथं कुणीतरी हात घातला आहे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी दोन्ही तुकडे जीपच्या किल्लीनं खरवडले. किल्ली पोचली नाही तिथं अंगठ्याच्या नखानं.

मिस्त्री जिंतूरपर्यंत एसटीनं आणि पुढं कुणाच्या तरी मोटरसायकलवर आले. आधी शेठची चौकशी केली. मग कलंडलेल्या गाडीच्या पोटाशी शिरले आणि बराच वेळ आत राहिले. खालच्या प्रत्येक नटावर रेघ होती. एकावर नव्हती, आणि तिथलं लोखंड ताजं चकाकत होतं. मी अभियंता असून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बाहेर येऊन ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि माझ्या हाताकडे बघू लागले.

"नख साफ करून घ्या, सायेब."

"तुरीची फुलं लागली असतील," मी म्हणालो.

त्यांनी तुरीकडे बघितलं. "असंल," ते म्हणाले. "औंदा तूर लय जोरात हाय."

संध्याकाळी ते दवाखान्यात आले. शेठ प्लास्टरमध्ये, मी आणि डॉक्टर पलंगाशेजारी. शेठनं विचारलं, "मिस्त्री, झालं काय नेमकं?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं आणि थांबले. एक पिन घालून वाकवता येईल एवढा वेळ थांबले. मी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिलो.

"पिन नव्हती, शेठ."

"पिन घालायचं काम कुणाचं असतं?"

"मिस्त्रीचं," ते म्हणाले, आणि चप्पल घालून निघून गेले.

दुसऱ्या आठवड्यापासून सगळ्यांच्या गाड्या दुरुस्तीला नांदेडला जाऊ लागल्या. कुणी काही विचारलं नाही. एकीकडे डिप्लोमा होता, दुसरीकडे सातवी. गाडीखाली निजून बघायची कुणाची तयारी नव्हती. "अशा लोकांच्या हातात स्टेअरिंगचं काम द्यायलाच नको होतं," असं गटातले एक जण म्हणाले. 'अशा' म्हणजे कशा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हाला सगळ्यांना कळलं. मी चहा पीत होतो. तो पिऊन संपवला. पुढं अनुभवी म्हणून गटानं मला अध्यक्ष केलं.

मिस्त्रींकडे टेम्पो आणि ट्रॅक्टर उरले. एक दिवस त्या रस्त्यानं जाताना पाटी दिसली. त्यांनी 'जीप' या शब्दावर पिवळा रंग मारला होता. नुसतं 'स्पेशालिस्ट' उरलं होतं.

वर्षभरानं मी गेलो. नांदेडवाल्यांना माझ्या गाडीतले आवाज सापडत नव्हते, असं कारण काढलं. मिस्त्रींनी गाडी आत घेतली. संध्याकाळी परत घेताना मी गाडीखाली निजून बघितलं. सगळीकडे नव्या रेघा ओढलेल्या होत्या. स्टेअरिंगच्या दांड्यावरचा तो एक नट तेवढा कोरा.

"मिस्त्री, इथं रेघ राहिली."

"राहिली न्हाई. ठेवली."

"का?"

"तिथली तुमी खरडली. मी कशी मारू? पिन घातलीय, गाडी बिनघोर चालवा. रेघ तेवढी तुमची हाय."

पुढची पाच वर्षं मी दर सहा महिन्यांनी जात होतो. दर वेळी सगळ्या रेघा नव्या, तो नट कोरा. आम्ही पावसाबद्दल बोलायचो, गुडघ्यांबद्दल बोलायचो. रेघेबद्दल पुन्हा बोललो नाही. मला रोज सांगता येत होतं. रोज म्हणजे पाच वर्षांतले सगळे दिवस. कधी गटाची सहल असायची, कधी शेठच्या घरी लग्न, कधी नुसताच गुरुवार. यंदा उन्हाळ्यात सकाळी दुकान उघडून मिस्त्री खुर्चीवर बसले आणि परत उठले नाहीत.

त्यांची मुलगी सुजाता पिंगळीला शिक्षिका आहे. पंधरा दिवसांनी मी तिच्या घरी गेलो आणि तो पिवळा डबा मागितला. ती आतून घेऊन आली.

"बाबा म्हणाले होते, डबा मागायला कुणी आलं तर देऊन टाक. कोण येईल ते नव्हतं सांगितलं. कशाला पाहिजे, काका?"

मी सगळं सांगितलं. संपल्यावर ती म्हणाली, "हे तुमी मला काम्हून सांगायलात? ज्यांनी गाड्या काढून नेल्या त्यांना सांगा." मग विचारलं, "चहात साखर चालती का तुमाला?"

तिथून मी सरळ नंदूशेठच्या दुकानात गेलो. डॉक्टरांनाही तिथंच बोलावून घेतलं. युरियाच्या पोत्यावर बसून पहिल्यापासून सांगितलं : पिन, किल्ली, नख, तूर. शेठचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. तो त्यांनी जाईल तेवढा वर करून बघितला.

"म्हणजे सहा वर्षं मी चुकीच्या माणसाला शिव्या दिल्या?"

"हो."

"मग आता तुम्हाला द्याव्या लागतील."

"द्या."

त्यांनी दिल्या. गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती. डॉक्टर उठताना म्हणाले, "मी त्यांच्या मातीलासुद्धा गेलो नाही हो." मीही गेलो नव्हतो. तेही सांगितलं.

शिव्या संपल्यावर शेठनं विचारलं, "गाडी कुठंय?" गाडी बाहेरच होती. ते रस्त्यावर धोतर सावरून खाली वाकले आणि डाव्या हातानं मोबाइलचा उजेड धरला. मी पाठीवर सरकत आत गेलो. डब्यातल्या रंगावर जाड साय धरली होती; ती काडीनं फोडली. गुल मोडलेली काडी रंगात बुडवून त्या नटावर टेकवली. कोपर टेकायला जागा नव्हती. नटापासून दांड्यापर्यंत बोटभराचं अंतर, पण रेघ नागमोडी गेली.

"वाकडी आली की," शेठ वरून म्हणाले. "पुसून परत मारा."

"नाही," मी म्हणालो. "आता पुसायची नाही."