उन्हाळ्यातली तपासणी

सुभाष बोरसे गेल्याचा फोन आला तेव्हा मी याच पुरवणीचं पान तपासत होतो. फोन त्याच्या बायकोचा, निर्मलावहिनींचा होता. सकाळचा चहा घेतला, पेपर उघडला आणि मान टेबलावर टेकली, एवढंच त्या म्हणाल्या. मी पान तसंच ठेवून जळगावहून धुळ्याची एसटी धरली. एरंडोल मागे पडेपर्यंत मला दुःख झालं नव्हतं, हे नोंदवायला हवं. मला आठवत होतं ते ऑफिसच्या ड्रॉवरमधलं एक पाकीट. त्यात सुभाषच्या अक्षरातली चार वाक्यं होती. ती मी छापायची होती आणि दोन हिवाळे मी ती छापली नव्हती.

सुभाष माझा पारोळ्याच्या शाळेतला वर्गमित्र. धुळ्यात तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर साचे पाठवत, तो दात बसवून परत करी. एकदा एका डॉक्टरांच्या मुलाच्या सुपरहिरोचं मनगट तुटलं. वीतभर उंचीचा परदेशी पुतळा, सोबत बदलायचे हात : मिटलेली मूठ, उघडा पंजा, काही पकडलेली बोटं. चेहरेही दोन, एक शांत, एक ओरडणारा. सुभाषने मनगटाची खुंटी नवी केली, रंग जुळवला. मग त्याला कळलं, की अशा वस्तू जमवणाऱ्यांना दुरुस्त केलेला भाग अस्सल म्हणून चालत नाही. तेव्हापासून त्याने दुरुस्त केलेल्या प्रत्येक खुंटीवर आतून लाल ठिपका दिला, पुढे कोणी फसू नये म्हणून. हळूहळू लोक पुतळे तपासायलाच आणू लागले. तो दातांची पावडर मोजायच्या काट्यावर एकेक हात तोलायचा, भिंगातून रंगाची कड पाहायचा, खुंटी बसवून हात वर करायचा आणि तो वर राहतो की नकलीसारखा खाली येतो, ते बघत बसायचा. "माझा धंदाच खोट्या दातांचा," तो म्हणायचा, "खोटं मला नाही कळणार तर कोणाला?" त्याचा एकच नियम होता. होळीनंतर पाऊस पडेपर्यंत तपासणी बंद. आपल्याकडच्या उन्हात प्लास्टिक नरमतं, सांधे सैल होतात, अस्सल आणि नकली एकसारखेच वागतात. टेबलासमोरच्या भिंतीवर त्याने तापमापी टांगली होती. आधी ती बघायचा, मग पुतळा.

तो नियम मी मोडायला लावला. मे महिना होता. त्याच्यावर पुरवणीसाठी लेख करायचा होता, फोटोग्राफर बाहेर उभा होता. पारोळ्याच्या कॉलेजात लॅब असिस्टंट असलेली वर्षा नावाची मुलगी आपला पुतळा दाखवायला आली होती. सुभाषने खोकं उघडलंच नाही.

"हिवाळामा ये, बेटा," तो तिला अहिराणीत म्हणाला.

"अरे, पान गुरुवारी जातं," मी म्हणालो. "हिवाळ्यापर्यंत थांबू?"

"तुन्हं पान जाई गुरुवारी. मन्हं नाव बी जाई तेन्हासंगे."

आम्ही हसलो. मी पुन्हा आग्रह केला आणि त्याने खोकं उघडलं. उघड्या पंजाचा हात बसवला, वर केला. हात खाली आला. दोनदा, तीनदा. तो म्हणाला, "आत्ता तरी हा हात नकली वाटतो. पण उन्हाळ्यातली तपासणी पक्की धरू नये." मी दोन्ही वाक्यं लिहून घेतली. पान लावताना मजकूर दोन ओळी जास्त झाला. मी दुसरं वाक्य काढलं. पहिल्यातलं 'आत्ता तरी' आणि 'वाटतो'ही काढलं.

मुलीचं नाव मी दिलं नव्हतं. हा माझा बचाव होता. पण फोटोत खोकं होतं, खोक्याच्या कोपऱ्यावरचा निळा डाग होता आणि पुतळे जमवणाऱ्यांचा गट लहान असतो. वर्षा त्या गटात पुतळ्यांची अदलाबदल करायची. आठवडाभरात नकली माल खपवणारी म्हणून तिला काढलं गेलं. तिने आधी दिलेल्या वस्तूही लोक परत पाठवू लागले. सुभाषने फोन केला. आवाज चढला नव्हता. "तू बठ्ठं छापं," तो म्हणाला, "मन्हं एक वाक्य तेवढं काढी टाकं..."

डिसेंबरात त्याने पुतळा मागवून पुन्हा तपासला. हात वर राहिला. अस्सल होता. तो स्वतः पारोळ्याला जाऊन वर्षाला तसं सांगून आला. ती म्हणाली, "आबा, तुम्ही घरी येऊन सांगितलं, ते मी एकटीने ऐकलं. छापलं होतं ते सगळ्यांनी वाचलं." पुतळा तिने परत घेतला नाही. मग सुभाषने ती चार वाक्यं लिहून मला पाठवली. मी त्याला सांगितलं, की पुरवणीत खुलासे छापायची पद्धत नाही, आणि खेळण्याचा खुलासा वाचणार कोण. खरं कारण वेगळं होतं. खुलासा छापला तर वाक्य कोणी कापलं, हे विचारलं गेलं असतं. त्याने तीनदा आठवण केली. चौथ्यांदा केली नाही. तपासणीही सोडून दिली. कोणी पुतळा घेऊन आलं तर म्हणायचा, "कवळी करायची असेल तर बस."

ती चार वाक्यं आज एक अक्षरही न कापता देतो आहे : 'मे महिन्यात मी पारोळ्याच्या वर्षा यांच्या पुतळ्याचा हात नकली आहे असे म्हटल्याचे छापून आले. मी ती तपासणी पक्की धरू नये असेही म्हटले होते, ते छापले गेले नाही. थंडीत फेरतपासणी केली असता हात व सर्व भाग अस्सल आढळले. उन्हाळ्यात खोके उघडले ही चूक माझी आहे, वर्षा यांची नाही.'

उन्हाळ्यात खोकं उघडायला मी लावलं, हे त्याने लिहिलं नाही. ते पाचवं वाक्य माझं.

गेल्या आठवड्यात पुन्हा त्याच्या घरी गेलो होतो. भर दुपार होती, तापमापी त्रेचाळीसवर. टेबलावर काटा, भिंग आणि वर्षाचा पुतळा. हात खाली लोंबत होता.

"दुपारी असाच पडतो तो," वहिनी म्हणाल्या. "हे रोज संध्याकाळी वर करून ठेवायचे. सकाळी उठलं की आधी तिकडे बघायचे. आता मी करते."

हा अंक आणि पुतळा घेऊन मला पारोळ्याला जायचं आहे. वर्षा दार उघडेल की नाही, माहीत नाही. वहिनी पाणी आणायला आत गेल्या, तेव्हा मी तो हात वर केला आणि सुभाष बसायचा तसा समोर बसून राहिलो... हात हळूहळू खाली आला. मी पुन्हा वर केला. पुन्हा आला.

हात अस्सल आहे.