धोंडूची जीप माझ्या नावावर

सांगा बरं, विश्वास कोणावर ठेवायचा? कागदावर, की कागद करून देणाऱ्या माणसावर? माझं सिमेंट-पत्र्याचं दुकान पोलादपूरच्या जीपस्टँडसमोर. गल्ल्यात पैसे जमोत न जमोत, किस्से रोज जमतात. त्यातले निम्मे एकट्या धोंडूचे.

वरच्या वाडीतल्या ह्या धोंडूला जीप घ्यायला पैसे मी दिले होते. फिटले नाहीत तर जीप माझी, असा स्टँपपेपर. पुढे हप्ते आटले. एका सकाळी तो आपणच आला आणि म्हणाला, चला शेठ, नावावर करून घ्या.

आरटीओ पेणला. मला गाडी येत नाही, म्हणून धोंडूच घेऊन निघाला. वाटेत महाडला, माणगावला पॅसेंजर भरले, भाडं स्वतःच्या खिशात. वर माझ्याकडेही मागितलं. "अजून गाडी माझी हाय, शेठ." दिलं. पेणला सह्या झाल्या. परतीचं सगळं भाडं त्यानं इमानानं माझ्या हातावर ठेवलं, आणि दिवसाची ड्रायव्हरकी मागितली. मालक झालो त्याच दिवशी मी तोट्यात!

*

मग महाडचा एक ड्रायव्हर ठेवला. वाडीवरच्या एका म्हातारीनं धोंडूची गाडी म्हणून जीपमध्ये कोंबडा ठेवला आणि निघून गेली. कोणाकडे पोचवायचा ते धोंडूला ठाऊक, ह्याला नाही. ह्यानं तो मालकाचा समजून माझ्या घरी दिला. आम्हीही मालकाचा समजून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी म्हातारीची लेक दुकानात हजर. कोंबडा काही परत येणार नव्हता. खुराड्याला म्हणून एक पत्रा उचलून घेऊन गेली.

*

दसऱ्याला आमची मंडळी हार-नारळ घेऊन जीपपाशी गेली, तर धोंडूच्या बायकोनं बॉनेटला आधीच हळदकुंकू लावलेलं. दोघी थबकल्या.

"गाडी तुमचीच हाय, वयनी," ती म्हणाली. "पण घाटात ह्यांना सांभाळलंन् तिनं. आज घरात पाय थांबले नायत माझे."

शेवटी दोन हार, दोन नारळ. त्या दिवशी जीप काही केल्या सुरू होईना. स्टँडवरचे म्हणाले, दोन मालकिणी बघून गोंधळली.

*

महिनाभरानं महाडचा ड्रायव्हर सोडून गेला. जीप दुकानासमोर टायरातली हवा जाऊन उभी. माझे पैसे तिच्यात अडकलेले, आणि धोंडू दुसऱ्यांच्या गाड्या धुऊन कशीबशी चूल पेटवत होता. जुनी जीप घ्यायला कोणी फिरकेना.

अखेर एक गिऱ्हाईक आलं. धोंडूच. जीप विकत घेतो म्हणाला. पैसे कुठून आणणार, विचारलं.

"तुम्हीच द्या की."

"आणि गहाण काय ठेवशील?"

त्यानं जीपकडे बोट दाखवलं.

माझं डोकं चालेना. स्टँडवरचे चार ड्रायव्हर पंच म्हणून बोलावले. त्यांनी चहा घेतला, बराच वेळ विचार केला. चूक कुठे आहे ते कोणालाच सापडेना. मी नवा स्टँपपेपर आणवला. धोंडूनं पेन हातात घेतलं, पण सही करायच्या आधी माझ्याकडे बघून म्हणाला,

"शेठ, मी अडाणी माणूस. हिशेब तेवढा सरळ ठेवा."