जिन्याखालचा संत

माझा दोस्त इनास गेल्याचं कळलं तेव्हा मी इथं आखातात, ईसा टाउनला एका घरातला एसी उघडून बसलो होतो. झल्लाकच्या ज्या हॉटेलात तो स्वयंपाकी होता, तिथून फोन आला. "भाईसाब, अपना इनासभाई खलास... हार्ट अटॅक." मला लीव्ह मिळाली नाही. शवपेटी एकटीच वसईला गेली. महिना उलटून गेला, तरी माझं चित्त थाऱ्यावर नाही. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जावं कळत नाही.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मनामात मिस्सा आटोपली की चर्चच्या दारातूनच तो मला मोठ्यानं "जय भीम!" ठोकायचा. मग चहाच्या दुकानाबाहेरच्या बाकावर आमची बैठक. तो एखाद्या संताची गोष्ट सांगायचा आणि मी खुसपटं काढायचो. भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून देणारा मार्टिन ऐकून मी म्हटलं, "अख्खा का नाही दिला रे तुझ्या संतानं?" तो म्हणाला, "अख्खा दिला असता तर स्वतः गारठून मेला असता. मग उद्याच्या भिकाऱ्याला कोण देणार?"

अलेक्सिसवर मात्र त्याचा भारी राग. रोममधल्या श्रीमंताचा हा मुलगा घर सोडून गेला, भिकारी होऊन परतला. कुणी ओळखलं नाही, यानंही ओळख दिली नाही. मरेपर्यंत बापाच्याच जिन्याखाली पडून राहिला. "कसला संत! तोंड नव्हतं काय त्याला?" म्हणत इनास येरझाऱ्या घालायचा... एकदा बोलून गेला, की सुट्टीत घरी गेल्यावर लेकीनं त्याला चहा दिला तो पाहुण्यांच्या कपात.

"मग तू काय म्हणालास?"

"थँक्यू म्हणालो."

दफनानंतर काही दिवसांनी त्या लेकीचाच, सिंथियाचा, फोन आला. "अंकल, पप्पा तुमच्याशी बोलायचे का? घरी तर गप्पच असायचे." हो म्हणावं तर तिला लागणार, नाही म्हणावं तर बाप मुखदुर्बळच होता असं ती जन्मभर समजणार. शेवटी म्हटलं, "बाळा, खूप बोलायचा. थांबवावं लागायचं." ती म्हणाली, "मग मला सांगा ना."

आता दर शुक्रवारी हा बुद्धवंदना म्हणणारा माणूस फोनवरून तिला संत सांगतो. सांगताना इनासचा भयंकर राग येतो. हे सगळं तिच्या वाट्याचं होतं आणि ऐकलं मी! परवा लांडग्याला भाऊ म्हणणारा फ्रान्सिस सांगत होतो. तिनं मध्येच विचारलं, "अंकल, इथं पप्पा हसायचे का?"

"हो. पोट धरून."

ती जरा थांबली आणि मग हसली.